लाकडाचा समुद्र

ईशा आणि नील, या प्रकरणात एक समुद्र येणार आहे, पण तो लाकडाचा. खरा समुद्र आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता आणि त्याचं आम्हाला काही कौतुक नव्हतं. हे सगळं मी इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजीच शिकवलं, तेव्हा मलाही जड गेलं नसतं. पण या प्रकरणातली माणसं इंग्रजीत बोलत नव्हती आणि त्यांच्या तोंडी इंग्रजी घातलं की ती मला ओळखू येत नाहीत. तुमचा बाबा वाचून दाखवेल. तो अडखळला तर त्याला हसू नका, त्याला मराठी मीच शिकवलं आहे आणि घाईत शिकवलं आहे.

बहरीनमध्ये, बाब अल बहरीन या बाजाराच्या वेशीच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानांच्या डोक्यावर, आमच्या दोन खोल्या होत्या. त्याच मजल्यावर सावंतांचं कुटुंब आणि एका खोलीत कांबळे काका राहत. पुढे एक सामाईक गच्ची, तिच्यावर दोऱ्या, दोऱ्यांवर तिन्ही बिऱ्हाडांचे कपडे. सकाळी अजान, मग खालच्या दुकानांची लोखंडी शटरं, मग आयेचा स्टोव्ह, या क्रमाने मला जाग येत असे. आई म्हणण्याची आमच्यात पद्धत नव्हती, आम्ही देवगडकडचे, आम्ही आये म्हणत असू. घरात मालवणी, शाळेत इंग्रजी, गल्लीत मोडकं हिंदी आणि त्याहून मोडकं अरबी. आये बाजारातून आणलेली चणाद मासळी चिरताना रोज तिला नावं ठेवायची, ही आमच्याकडच्या सुरमईची चुलत बहीण असेल, सख्खी नाही, आणि मग तिचंच तिरफळ घालून असं सार करायची की कांबळे काका ताट घेऊन दारात उभे राहत. काका साताऱ्याकडचे, बाबांच्याच कंपनीच्या ऑफिसात टेलिफोन आणि टपाल बघायचे. बायको-मुलं गावी. "वहिनी, वासानंच भूक लागली बघा," एवढंच म्हणायचे आणि आये म्हणायची, "वासाचे पैसे नाय, जेवणाचे पडतले." बाबा कंपनीत सुतारांचे फोरमन होते. ते कमी बोलायचे. त्यांच्या शर्टाला भुश्याचा वास यायचा आणि कानामागे नेहमी पेन्सिल असायची, कधी कधी झोपतानासुद्धा.

आणि विनू. विनायक, माझा धाकटा भाऊ. तो आमच्या त्या दोन खोल्यांत राहत नव्हता, पण त्याच्याशिवाय तिथे काहीच होत नसे. इथल्या उन्हाळ्यात त्याला सारखा ताप यायचा, म्हणून तो लहान असतानाच त्याला गावी आजीकडे ठेवलं होतं. तिकडची हवा मानवेल, तिकडच्या शाळेत जाईल, थोडा मोठा झाला की आणू, असं ठरलं होतं. त्या काळी बऱ्याच घरांत एक मूल इकडे आणि एक तिकडे असे, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. ईदच्या आधी दुकानांत नवा माल आला की आये विनूसाठी शर्ट-चड्डी घ्यायला खाली उतरायची. सावंत काकींचा मुलगा त्याच्याच वयाचा. त्याला भर बाजारात उभं करून आये त्याच्या पाठीला शर्ट लावून बघायची, मग खांद्यावर बोटं ठेवून म्हणायची, "आमचो विनू हेच्यापेक्षा थोडो रुंद आसा." गावाहून येणाऱ्या फोटोत तो रुंद दिसायचा नाही. पण आयेने कधी मोठं माप सोडलं नाही.

आमच्या मजल्यावर एक रीत होती आणि ती आयेनेच घालून दिली होती. गावाकडून मरणाची बातमी आली तर ती ज्याची असेल त्याला लगेच सांगायची नाही. आधी त्याला पोटभर जेवू घालायचं. कारण एकदा कळलं की त्या घरात चूल पेटत नाही, माणूस दोन-दोन दिवस पाणीसुद्धा घेत नाही, आणि इथे परमुलखात कोण कुणाला सांभाळणार? "आधी ताट, मगे तार," आये म्हणायची. खालच्या मजल्यावरच्या राणे मामांचे वडील गेले तेव्हा आयेनेच त्यांना घरी बोलावून, आग्रह करकरून, भाकरी आणि सुक्या बांगड्याचं तिखट वाढलं होतं. मामा ढेकर देऊन "वैनी, आज काय विशेष?" म्हणाले, तेव्हा तिने बाबांकडे पाहिलं आणि बाबांनी खिशातून तार काढली. मी तेव्हा दारात उभी होते. मला ती रीत फार मायेची वाटली होती. तिच्यात माया होतीच, हे मी आजही नाकारत नाही.

शाळेत आम्हाला मिस परेरा इंग्रजी शिकवत. त्या मूळच्या मंगळूरच्या, बारीक, उंच, आणि उन्हाळ्यातसुद्धा पायात मोजे. त्यांच्या खोलीत एक ग्रामोफोन होता आणि इटालियन ऑपेराच्या तबकड्या होत्या. शाळेच्या नाटकात घेतलेल्या मुलींना त्या शुक्रवारी घरी बोलवत, लिंबाचं सरबत देत आणि तबकडी लावत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आणि शेजारच्या लीलाला इतकं हसू आलं की आम्ही सरबताचे पेले खाली ठेवले. एक बाई मरत होती आणि मरता मरता इतका वेळ इतक्या जोरात गात होती! मिस रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, इटलीतल्या काही शिकल्यासवरल्या माणसांना वाटलं की जुनी ग्रीक नाटकं पुन्हा करून बघावीत, ती नाटकं मुळात गाऊनच म्हणत असतील, म्हणून त्यांनीही तसं केलं, आणि ग्रीक नाटकाऐवजी हातात आली ऑपेरा. मग राजेरजवाड्यांनी तिच्यावर खर्च केला. दोरखंडांवर ढग उतरू लागले, ढगात बसून देव येऊ लागले, शेकडो मेणबत्त्यांच्या उजेडात रंगमंचावर समुद्र उसळू लागला. हा समुद्र कसा करत, त्याचं एका पुस्तकातलं चित्र त्यांनी दाखवलं. मळसूत्रासारखे पिळाचे लांबच लांब लाकडी रूळ, एकामागे एक आडवे ठेवलेले, टोकाला दांडा. दांडा फिरवला की पीळ सरकतो आणि लांबून बघणाऱ्याला लाटा चालल्यासारख्या दिसतात.

मिसना स्वतःला मात्र हा थाट आवडत नसे. त्यांचा जीव ग्रीकांवर. ग्रीक लोक दिवसाउजेडी, उघड्यावर, डोंगराच्या उतारावर बसून नाटक बघत, तोंडावर मुखवटे लावून नट बोलत, आणि कुणाचंही मरण प्रेक्षकांसमोर होत नसे. ते आत होई, किंवा दूर कुठेतरी. मग एक निरोप्या येई आणि सांगे. "आपण सगळे तसेच आहोत," मिस एकदा म्हणाल्या, "या बेटावर राहतो आणि आपली माणसं दूर." त्यांनी स्वतःच ग्रीक रीतीने एक लहान नाटक लिहिलं होतं. एका बेटावरच्या बायका किनाऱ्यावर होड्यांची वाट बघताहेत. त्यांच्यातली एक म्हातारी, तिची मुलं होडीवर. शेवटी निरोप्या येऊन सांगतो की होडी बुडाली. म्हातारी लीला झाली आणि निरोप्या मी. मुख्याध्यापकांना समुद्र दिसायला हवा होता, पाहुणे येणार होते. मिसना तो दिसायला नको होता. शेवटी तोड निघाली: बायका वाट बघत असताना समुद्र हलेल, निरोप्या आला की थांबेल. आणि समुद्र कोण करणार, तर नंदाचे, म्हणजे माझे, वडील.

माझ्या दोन पानी भाषणावर मिसनी माझ्या किती दुपारी खाल्ल्या असतील! मी पहिल्या दिवशी रडत रडत म्हटलं आणि मला वाटलं, फार छान झालं. मिस म्हणाल्या, "नंदिनी, तू मुखवटा घालणार आहेस. मुखवट्यात रडलेलं कुणाला दिसत नाही. आणि निरोप्याने रडायचं नसतं, ते ऐकणाऱ्याचं काम." मग त्यांनी मला नियम सांगितले. आधी नाव. मग जागा. मग जवळ कोण होतं ते. आणि जे आपण पाहिलं नाही ते सांगायचं नाही. मी विचारलं, नाव आधी कशाला, थोडं हळूहळू सांगितलं तर? त्या खुर्चीतून उठून माझ्यासमोर आल्या. "नाव कळेपर्यंत ती बाई मनातल्या मनात आपल्या एकेका माणसाला मारत असते. तिला तसं करू देऊ नकोस. तिला नाव दे." मला ते पाठ झालं, कळलं नाही. वय तेव्हा कळण्याचं नव्हतं.

बाबांनी समुद्र आमच्या गच्चीवर केला. त्यांच्या हाताखाली अबू जासिम नावाचे वयस्क बहरीनी सुतार होते, त्यांच्या घरात पूर्वी होड्या बांधत. त्यांनी जुन्या मोडक्या होडीच्या फळ्या आणून दिल्या. बाबांनी रूळ केले, त्यांच्यावर पातळ पट्ट्या पिळाने ठोकल्या, वर निळं-हिरवं कापड चढवलं. रोज कामावरून आले की चहा घेऊन गच्चीवर. अबू जासिम पायऱ्या चढून आले, बाबांनी दांडा फिरवला, लाटा सरकल्या, आणि म्हातारा गच्चीवर मांडी घालून हसत सुटला. "मोहनभाई, हमारा बाप मोती निकालने समुंदर में जाता था, तुम समुंदर घर में लाता है! यल्ला, मछली भी डालो!" आयेला कपडे वाळत घालायला जागा उरली नव्हती. "दर्यावरसून हयसर इलंव, आता दर्यो माझ्या वालीवर!" ती बाबांना म्हणायची, म्हणजे समुद्र ओलांडून इथे आलो तर आता समुद्र माझ्या कपड्यांच्या दोरीवर. पण शेजारणी आल्या की स्वतः दांडा फिरवून दाखवायची. एकदा मी तिला एकटीला फिरवताना पाहिलं. कापडावर हात ठेवून ती म्हणाली, "विनू आसतो तर हेच्यात बसलो आसतो." रुळांत थोडी कुरकुर होती. बाबांनी मेण लावलं, तेल लावलं, ती गेली नाही. मिस म्हणाल्या, राहू दे, समुद्रालाही आवाज असतो.

नाटक हिवाळ्यात, दुपार कलताना, शाळेच्या अंगणात होतं. ग्रीकांप्रमाणे दिवसाउजेडी, यावर मिस अडून बसल्या होत्या. सकाळी घरातून निघताना आयेने माझ्या केसांना तेल लावून इतक्या घट्ट वेण्या घातल्या की मुखवट्याची पट्टी बसेना. बाबा समुद्र घेऊन कंपनीच्या लॉरीतून आधीच गेले होते. दुपारी कांबळे काका शाळेत आले. मी त्यांना अंगणाच्या टोकाला बाबांशी बोलताना पाहिलं, काकांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला होता. मला वाटलं, समुद्र छान झाला म्हणून शाबासकी देताहेत. मग काका घाईने परत गेले. मला आठवतं, बाबा त्यानंतर बराच वेळ एका रुळावरचं कापड ताणत बसले होते आणि ते आधीच ताणलेलं होतं.

आता जे सांगते त्यातलं काही मला तेव्हा दिसत होतं, पण कळत नव्हतं. मुखवट्याच्या दोन भोकांतून मला पहिली रांग दिसायची. मधोमध आये, तिची ठेवणीतली जांभळी साडी. एका बाजूला सावंत काकी, दुसऱ्या बाजूला राणे मामांची बायको, मागे आमच्या इमारतीतली बाकीची मंडळी. आये सगळ्यांत आनंदात होती. ती मागे वळून वळून सांगत होती, तो दर्या आमच्यांनी केलेला, आणि ती मागाहून येणारी ती माझी चेडू. बाकी कुणी हसत नव्हतं. सावंत काकींनी आयेचा हात धरून ठेवला होता. मिसनी आम्हाला शिकवलं होतं की ग्रीक प्रेक्षकांना गोष्ट आधीच ठाऊक असे, फक्त नाटकातल्या माणसाला ती ठाऊक नसे. त्या दुपारी पहिल्या रांगेत तसंच चाललं होतं. हे माझ्या लक्षात यायला खूप वर्षं गेली, आणि आलं तेव्हा मी नववीच्या वर्गात हाच धडा शिकवत होते. मुलींना वाचायला काम देऊन मी खिडकीपाशी उभी राहिले.

बायकांचं गाणं संपलं, मी आले. आता समुद्र थांबायचा होता. तो थांबला नाही. बाबा कधीही, कसलंही काम चुकत नसत. तालमीत त्यांनी दर वेळी माझं पहिलं पाऊल पडताच दांडा सोडला होता. त्या दिवशी लाटा चालतच राहिल्या, ती कुरकुरही चालत राहिली, आणि मला तिच्यावरून आवाज चढवून बोलावं लागलं. मी लीलाला नावं सांगितली, जागा सांगितली, कोणाच्या शेजारी कोण होतं ते सांगितलं. लीला ठरल्याप्रमाणे एक शब्द न बोलता आत गेली. मी वाकले. समुद्र हलतच होता. टाळ्या झाल्या, आये उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि मी मुखवटा काढून रागाने मागे धावले.

"बाबा, दर्यो कित्याक थांबवलास नाय?"

त्यांचे दोन्ही हात अजून दांड्यावर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फिरवणं थांबवलं. "विनू गेलो गो," ते म्हणाले. आणि मग, "आयेक आत्ताच सांगू नको. तिका जेवूंदे."

त्या वाक्याचा दुसरा भाग मला आधी समजला. आये जेवायची आहे, तोवर काही बोलायचं नाही. हे मला येत होतं, मी ते घरात शिकले होते. पहिला भाग मी हातात धरून राहिले, मुखवट्यासारखा. लॉरीत मी समुद्राच्या बाजूला बसून घरी आले. कापड वाऱ्याने फडफडत होतं आणि बाबा पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते, कारण मागे बसले असते तर त्यांना माझं तोंड बघावं लागलं असतं.

घरी पोहोचलो तेव्हा दिवे लागत होते. सावंत काकींनी आयेला आमच्या दाराचं कुलूपसुद्धा उघडू दिलं नाही. "आज तुझो स्टोव्ह पेटवचो नाय. आज माझ्याकडे जेवण. नंदान नाव काढलान." त्यांनी शिरवाळे केले होते. तुम्ही ते खाल्लेले नाहीत. तांदळाच्या उकडीच्या शेवया साच्यातून दाबून काढायच्या आणि गूळ घातलेल्या नारळाच्या दुधात बुडवून खायच्या. दोन बायकांचं काम, हात दुखून येतात. काकींनी ते एकटीने केले होते, कारण आयेला त्यांच्याइतकं दुसरं काही आवडत नसे. आज मला वाटतं, ती बाई नाटकाला यायच्या आधी घाईघाईने साचा दाबत होती आणि रडत होती आणि तिला दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

आये पाटावर बसली. "आज कसलो सण गो? शिरवाळे?" तिने पहिली वाटी संपवली, दुसरी घेतली. नाटकातल्या गमती सांगत होती, मुख्याध्यापकांचा टाय कसा वाऱ्याने तोंडावर आला, लीलाची पांढरी चादर कशी पायात अडकत होती. "आणि तो दर्यो! थांबतच नाय मेलो! तुमचो हात आडाकलेलो काय?" बाबांना तिने विचारलं. बाबांनी मान हलवली. कांबळे काका भिंतीला टेकून उभे होते. "वहिनी, पोटभर घ्या," ते म्हणाले, "अजून घ्या."

कांबळे काका कधी कुणाला जेवणाचा आग्रह करत नसत. ते स्वतःच ताट घेऊन येणारे. आयेचा हात वाटीत थांबला. तिने काकांकडे पाहिलं. मग सावंत काकींकडे, त्यांच्या रिकाम्या ताटाकडे, बाबांकडे, दारात उभ्या असलेल्या राणे मामांकडे. तिने ही रांग पूर्वी बघितली होती. तिनेच ती लावली होती.

"कोणाचा?" ती म्हणाली. कुणाची बातमी, एवढंच.

सावंत काकींनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"माझी आवस?" ती बाबांना म्हणाली. तिची आई म्हातारी होती, दम्याने अंथरुणाला खिळलेली. बाबांनी खाली पाहिलं. "आवस नाय? मगे तुमची? म्हातारी?" बाबांनी नकारार्थी मान हलवली. "थोरले भावजी? त्यांच्या छातीत दुखा होता." तिने मग काकाचं नाव घेतलं, आत्याचं घेतलं, एका चुलत सासऱ्याचं घेतलं ज्याला आम्ही कधी पाहिलं नव्हतं. एकेका म्हाताऱ्या माणसाला ती पुढे आणत होती आणि आमच्या तोंडांकडे बघून परत नेत होती. विनूपर्यंत ती येत नव्हती. ती कधीच आली नसती.

मग ती माझ्याकडे वळली. "नंदा, तू सांग. थंय सांगितलंस तसा सांग, चेडवा."

मी उभी राहिले. का उभी राहिले ते ठाऊक नाही, तालमीत उभं राहूनच सांगत असू. मी रडले नाही. "आये," मी म्हटलं, "आपलो विनू."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बोटांवरून गुळाचं दूध वाटीत गळत होतं. मग अगदी हळू, जसं एखाद्याला रस्ता विचारावा तसं, तिने विचारलं, "खंय?"

"माका ठावक नाय, आये."

"तेच्याकडे कोण होता?"

तारेत चार शब्द होते. त्यांत जागा नव्हती, आजार नव्हता, जवळ कोण होतं ते नव्हतं. नाटकात मला दोन पानं दिली होती, सगळं तपशिलाने. इथे माझ्याकडे एक नाव होतं आणि ते मी देऊन बसले होते. मला क्षणभर वाटलं, सांगावं की आजी होती, डोकं मांडीवर होतं. पण मिसचा शेवटचा नियम मला आठवला, आणि नियम नसता आठवला तरी आयेच्या डोळ्यांकडे बघून खोटं बोलण्याची माझी छाती नव्हती. "माका ठावक नाय," मी पुन्हा म्हटलं.

आये उठली. मोरीत गेली. तिने घशात बोटं घातली आणि खाल्लेलं सगळं बाहेर काढायचा प्रयत्न करू लागली, पुन्हा पुन्हा, पोटात काही उरलं नाही तरी. सावंत काकी तिची पाठ धरायला गेल्या तेव्हा ती वळली आणि म्हणाली, "गोड कशाक घातलंस गो माझ्या पोटात? माझो झील थंय पडलेलो, आणि मी हयसर दोन वाट्यो खाल्लंय!" काकींनी तोंडावर पदर घेतला. मग आयेनेच तिचा हात धरला. दोघी मोरीच्या उंबऱ्यावर बसल्या, ओल्या जागी, आणि आम्ही बाकीचे बाहेर उभे राहिलो.

आये मिळेल त्या बोटीने मुंबईला आणि तिथून गावी गेली. बाबांना रजा मिळाली नाही, मला शाळा होती. गच्चीवर समुद्र पडून होता. शाळेने तो परत नको म्हटलं. अबू जासिम एका सकाळी येऊन रूळ खांद्यावर घालून एकेक करून खाली घेऊन गेले. त्यांनी त्याचं काय केलं ते आम्ही विचारलं नाही. चणाद आता मी शिजवायचे, तिरफळ न घालता, कारण ते आयेच्या डब्यात कुठे आहे ते मला सापडत नव्हतं आणि बाबांनाही विचारवत नव्हतं.

ती परत आली तेव्हा उन्हाळा लागला होता. बारीक झाली होती. आल्यावर तिने बॅग उघडली नाही, पाणी घेतलं नाही. बाबांना आणि मला समोर बसवलं आणि सांगितलं. नाव तिला सांगायची गरज नव्हती. "पडवीत होतो," ती म्हणाली. "ताप मेंदवात गेलेलो. म्हातारी डाक्तराक बोलवूक तिठ्यार गेलली. तेच्याकडे कोण नाय होता." मग म्हणाली, "मांजर होता. पायाकडे निजलेला." बस, एवढंच. पण ती ते शोधायला एवढा समुद्र ओलांडून गेली होती आणि ते घेऊन परत आली होती. त्यानंतर आम्ही तिघं जेवलो. आयेने स्टोव्ह पेटवला.

शिरवाळे तिने परत कधी खाल्ले नाहीत. आणि आमच्या मजल्यावरची रीत तिने मोडली. पुढे कुणाची तार आली की ती जेवणाची वाट बघत नसे. चपला घालून त्या घरी जायची, दारातच उभी राहायची, आधी नाव सांगायची. लोकांना ते कठोर वाटायचं. सावंत काकींना कधीच वाटलं नाही.

आता त्या भागाकडे येते, जो मी वर्षभर लिहायचा टाळला. बाब अल बहरीनच्या समोरचा समुद्र आता भराव घालून दूर ढकलला आहे, आणि मी इथल्याच अदलिया भागातल्या या फ्लॅटमध्ये बसून लिहिते आहे, खाली कॉफीच्या दुकानात कुणाचा तरी वाढदिवस चालू आहे. तुमचे आजोबा गेले तेव्हा तुमच्या परीक्षा होत्या. तुमच्या बाबाने ठरवलं की परीक्षा संपेपर्यंत सांगायचं नाही, आणि संपल्यावर तो तुम्हाला पिझ्झा खायला घेऊन गेला, आणि मग सांगितलं. त्याला रागावू नका. त्याला ही रीत ठाऊकच नव्हती, तरी ती त्याने बरोबर पाळली. ईशा, तू त्या दिवशी फोनवर मला इंग्रजीत विचारलंस की तिथे कोण होतं, आणि माझ्याच्याने बोलवलं नाही, मी फोन तुमच्या काकाकडे दिला. आज बोलते. हे वाचण्याआधी तुम्ही जेवलात की नाही ते मी विचारणार नाही.

अरविंद. तुमचे आजोबा.

इथल्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर, ज्या खोलीच्या खिडकीतून खजुराची झाडं दिसतात तिथे. दुपार होती, पडदा अर्धा ओढलेला होता, कारण उजेड त्यांच्या डोळ्यांवर येत होता. जवळ मी होते. दुसरं कुणी नव्हतं, नर्स नुकतीच येऊन गेली होती. त्यांना दुखत नव्हतं, त्यांनी सकाळी नीलच्या फुटबॉलबद्दल विचारलं होतं. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो गरम होता. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "एसी कमी कर, नंदा. तुला सर्दी होईल." मी हात सोडला, उठले, भिंतीवरच्या बटणापाशी गेले. ते बटण मला पटकन सापडलं नाही. वळले तेव्हा ते गेले होते.

तेवढा वेळ माझी त्यांच्याकडे पाठ होती. तेवढंच मी पाहिलं नाही.